रेंडरिंगसाठी संगणक जुळविताना

शिंपी कातर विकत घेतो तेव्हा ती रेशमावर चालवावयाची की ताडपत्रीवर, हे त्याला आधीच ठाऊक असते. सुतारही लाकूड पाहून रंधा निवडतो. हा साधा व्यवहार संगणकाच्या खरेदीत मात्र फार थोडे लोक पाळतात. दुकानात पाऊल टाकताच "सर्वांत भारी कोणता?" असा प्रश्न होतो आणि त्याचे उत्तर दुकानदार आपल्या गोदामाकडे पाहून देतो.

हा विषय स्मरणिकेत घेण्याचे कारण सांगितले पाहिजे. आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली आता वास्तुरचना, अंतर्गत सजावट, जाहिरात आणि चलच्चित्रे या धंद्यांकडे वळत आहेत. हैदराबाद तर या कामाचे मोठे केंद्रच आहे. २०१५ साली आलेल्या 'बाहुबली'च्या दृश्यपरिणामांत येथील मकुटा या संस्थेचा मोठा वाटा होता. एवढी मोठी कामे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत हे खरे. परंतु इमारत उभी राहण्यापूर्वीच तिचे हुबेहूब चित्र हवे असलेले बांधकाम-व्यावसायिक गल्लोगल्ली आहेत, आणि हे काम घरी बसून करता येते. त्याला लागणारा संगणक एखाद्या स्कूटरहून सहज महाग पडतो. त्यासाठी कोणी कर्ज काढतो, कोणाच्या आईची बांगडी सराफाकडे जाते, कोणी न्यासाकडे अर्ज करतो. पैसा दात्याचा असो की आईचा, तो चुकीच्या जागी खर्च झाला तर मुलाचे एक वर्ष वाया जाते. म्हणून सुटे भाग निवडण्यामागचा विचार शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडण्याचे आम्ही योजले आहे.

रेंडरिंग म्हणजे काय?

समजा, आपल्याला चारमिनारचे चित्र संगणकावर तयार करावयाचे आहे. प्रथम त्या वास्तूचा आकार संगणकात रचावा लागतो : चार कमानी, चार मिनार, सज्जे. या आकाराला मॉडेल म्हणतात. मग चुन्याचा गिलावा कसा दिसतो, दगड कसा दिसतो, हे सांगावे लागते. नंतर सूर्य कोठे आहे व पाहणारा कोठे उभा आहे हे ठरवावे लागते. येथपर्यंतचे काम माणसाचे. यापुढे या साऱ्या वर्णनावरून प्रत्यक्ष चित्र गणिताने काढणे हे यंत्राचे काम, आणि त्यालाच रेंडरिंग म्हणतात.

हे गणित प्रकाशाचे असते. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून एक कल्पित किरण निघतो, गिलाव्यावर आपटतो, तेथून दगडावर जातो, तेथून आकाशाकडे. अशा असंख्य किरणांची सरासरी काढली म्हणजे त्या ठिपक्याचा रंग निघतो. या पद्धतीचे मूळ समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडले. किरण कमी सोडले तर चित्रावर वाळू उधळल्यासारखे दाणे दिसतात. हे दाणे निम्म्यावर आणावयाचे तर किरण चौपट सोडावे लागतात. रेंडरिंगला वेळ का लागतो, याचे उत्तर या चौपटीत आहे.

स्थिर चित्र एकच असते. चलच्चित्रात एका सेकंदाला सामान्यतः २४ चित्रे लागतात. म्हणजे एका मिनिटाच्या फितीला १,४४० चित्रे. प्रत्येक चित्राला ५ मिनिटे लागली तर एकूण १२० तास, म्हणजे पाच अहोरात्र! तेच चित्र २ मिनिटांत निघाले तर ४८ तासांत काम हातावेगळे होते. ग्राहकाला शनिवारी फीत द्यावयाची असेल, तर पाच दिवस आणि दोन दिवस यांतील अंतर म्हणजेच काम मिळणे आणि काम जाणे यांतील अंतर होय. १९९५ साली 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर घडविलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला, तेव्हा त्यासाठी शंभरावर संगणक एकत्र राबविले होते, ते याच कारणाने.

दोन वाटा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हे गणित संगणकात दोन ठिकाणी होऊ शकते. एक प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू. दुसरे ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरमध्ये आठ-सोळा हुशार कारागीर असतात. ते कोणतेही काम करू शकतात. कार्डात हजारो साधे मजूर असतात; त्यांना एकाच प्रकारचे काम एकदम वाटून दिले तर ते झपाट्याने उरकतात. किरणांचे गणित नेमके असेच असल्याने कार्ड त्यात पुष्कळदा पुढे जाते. परंतु कोणाकडून काम करून घ्यावयाचे हे आपण वापरत असलेली प्रणाली ठरविते, आणि खरेदीतील निम्म्याहून अधिक चुका येथेच होतात.

अंतर्गत सजावटीच्या कामात लोकप्रिय असलेली 'कोरोना' ही प्रणाली आपले सारे गणित प्रोसेसरकडून करवून घेते. कार्डाचा उपयोग फार तर शेवटी दाणे पुसण्यापुरता. 'ऑक्टेन' व 'रेडशिफ्ट' या मुख्यत्वे कार्डासाठी रचलेल्या. 'लुमियन', 'एन्स्केप', 'ट्विनमोशन' यांची सारी मदार कार्डावर. 'व्ही-रे' व 'अर्नोल्ड' यांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ब्लेंडर या प्रणालीतील 'सायकल्स'लाही दोन्ही चालतात. तिच्यातीलच 'ईव्ही' मात्र कार्डावर चालते. ब्लेंडर २००२ सालापासून मुक्त परवान्याखाली असून तिला एक पैसाही पडत नाही, हे गरजू विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण देतो. घरातल्या घरात सजावटीची चित्रे करून देणाऱ्या एका मुलीसाठी तिच्या वडिलांनी संगणक घेतला. विक्रेत्याने महागडे कार्ड बसविले, आणि बेरीज जमावी म्हणून प्रोसेसर सहा गाभ्यांचा साधाच दिला. मुलगी काम करीत होती कोरोनावर. रात्रभर प्रोसेसर घाम गाळी आणि सर्वांत महाग वस्तू शेजारी स्वस्थ बसून राही. वडिलांनी पैसा कमी दिला नव्हता. तो चुकीच्या खिशात गेला होता. त्याच रकमेत साध्या कार्डासह सोळा गाभ्यांचा प्रोसेसर आला असता आणि तिचे चित्र निम्म्याहून कमी वेळात निघाले असते.

प्रोसेसर व कार्ड

काम प्रोसेसरवर चालणार असेल तर गाभ्यांची संख्या पाहावी. रेंडरिंगमध्ये गाभे दुप्पट झाले की वेळ जवळजवळ निम्मा होतो, असा लाभ संगणकाच्या फार थोड्या कामांत मिळतो. रायझन ९ मालिकेतील ७९५०एक्स (२०२२) व ९९५०एक्स (२०२४) या प्रोसेसरांत प्रत्येकी १६ गाभे आहेत. मात्र मॉडेल रचण्याचे बहुतेक काम एकाच गाभ्यावर चालते. तेथे संख्येपेक्षा एकेका गाभ्याचा वेग महत्त्वाचा. म्हणून दिवसभर मॉडेल रचून रात्री कार्डावर रेंडर करणाऱ्यास सहा ते आठ वेगवान गाभे पुरतात. उरलेला पैसा त्याने कार्डात घालावा.

कार्ड घेताना वेगाआधी मेमरी पाहावी. कार्डाला स्वतःची मेमरी असते, आणि दृश्यातील आकार व पोत शक्यतो तीत मावावे लागतात. मावले नाहीत तर काही प्रणाली काम मध्येच सोडून देतात, काही संगणकाच्या मेमरीतून उसनवारी करतात आणि मग वेग फार घसरतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे आरटीएक्स ३०६० टीआय (२०२०) आणि आरटीएक्स ३०६० (२०२१) ही एनव्हिडियाची दोन कार्डे. पहिले महाग व वेगवान, पण मेमरी ८ जीबी; दुसरे स्वस्त व संथ, पण मेमरी १२ जीबी. दृश्य १० जीबीचे असेल तर संथ कार्ड जिंकते. पुढे ३०६० याच नावाने ८ जीबीचेही कार्ड निघाले. आणि ४०६० टीआय (२०२३) तर ८ व १६ जीबी अशा दोन्ही रूपांत विकले गेले. तेव्हा नुसते नाव वाचून भागत नाही. खोक्यावरील मेमरीचा आकडा वाचावा आणि तोच पावतीवर लिहून घ्यावा.

आणखी दोन समज दूर केले पाहिजेत. दोन कार्डे बसविली म्हणजे मेमरी दुप्पट होते असे पुष्कळांस वाटते. सामान्यतः तसे होत नाही. प्रत्येक कार्डात दृश्याची वेगळी प्रत ठेवावी लागते. वेग मात्र वाढतो. दुसरा समज लॅपटॉपविषयी. लॅपटॉपातील कार्डाचे नाव तेच असले तरी माल तोच नसतो. आरटीएक्स ४०९० ला टेबलावरील संगणकात २४ जीबी मेमरी असते, लॅपटॉपात १६. ज्याला यंत्र घेऊन फिरावयाचे नाही त्याने टेबलावरचा संगणकच जुळवावा. त्याचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

कार्ड कोणत्या कंपनीचे घ्यावे? ब्लेंडरच्या सायकल्सला एनव्हिडिया, एएमडी व इंटेल या तिन्हींची कार्डे चालतात. परंतु कित्येक प्रणालींची भिस्त एनव्हिडियावर अधिक आहे. आपल्या प्रणालीच्या उत्पादकाने दिलेली मान्य कार्डांची यादी पैसे मोजण्यापूर्वी पाहावी.

मेमरी, साठा व मदरबोर्ड

संगणकाची स्वतःची मेमरी, म्हणजे रॅम. शिकाऊ मुलास ३२ जीबी पुरते. धंदा करणाऱ्यास ६४ जीबी सोयीची. कार्डावर काम करणाऱ्यांनी कार्डाच्या मेमरीच्या दुप्पट तरी रॅम ठेवावी असा कारागिरांचा ठोकताळा आहे. ती दोन पट्ट्यांत घ्यावी. डीडीआर ५ जातीच्या चार पट्ट्या एकदम बसविल्या तर त्यांचा वेग पुष्कळदा खाली उतरतो; म्हणून १६ च्या चार पट्ट्यांपेक्षा ३२ च्या दोन बऱ्या. २०२५ सालच्या उत्तरार्धात रॅमचे भाव भराभर चढले, हे पाहता मागच्या वर्षीच्या कोटेशनवर विसंबून कोणीही अर्ज करू नये.

साठ्यासाठी एनव्हीएमई जातीची एसएसडी घ्यावी. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर एनव्हीएमईच्या चौथ्या पिढीचा ७,००० पर्यंत. तथापि या आकड्यांनी भुलून जाऊ नये. प्रकल्प लवकर उघडेल. किरणांचे गणित मात्र त्यामुळे लवकर होत नाही. तेव्हा येथे मध्यम दर्जाची वस्तू घेऊन उरलेल्या पैशांत एक वेगळी हार्ड डिस्क घ्यावी आणि केलेल्या कामाची दुसरी प्रत रोज तीवर ठेवावी. यंत्र पुन्हा विकत मिळते, महिन्याभराचे काम मिळत नाही.

मदरबोर्डवर दिवे किती चमकतात हे न पाहता तो प्रोसेसरला वीज किती स्थिरपणे पुरवितो हे पाहावे. खेळ खेळणाऱ्याचा संगणक अधूनमधून दमतो. रेंडरिंगचा संगणक दहा-दहा तास सलग पूर्ण शक्तीने राबतो. स्वस्त बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग अशा वेळी तापतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. बोर्डाची बैठक पुढील प्रोसेसरांसही चालेल का, तेही विचारावे. एएमडीची एएम ५ ही बैठक २०२२ साली आली आणि ती २०२७ व त्यापुढेही चालू ठेवण्याचे त्या कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे आज आठ गाभे घेणाऱ्यास पुढे बोर्ड न बदलता सोळा घेता येतील.

वीज आणि उष्णता

ज्या भागांवर सर्वांत कमी लक्ष जाते, ते आमच्या हवेत व आमच्या विजेत सर्वांत महत्त्वाचे ठरतात. एसएमपीएस निवडताना बेरीज करावी. आरटीएक्स ४०९० चा खप ४५० वॉट. ७९५०एक्स प्रोसेसर पूर्ण भाराखाली २३० वॉटपर्यंत जातो. दोहोंचे मिळून ६८० झाले. इतर भाग व क्षणिक उसळी धरून येथे १,००० वॉटचा एसएमपीएस योग्य. उलट १७० वॉटच्या ३०६० ला व मध्यम प्रोसेसरला ५५० ते ६५० वॉट पुरे. नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस' प्रमाणपत्राचा माल घ्यावा. निनावी एसएमपीएस जळताना पुष्कळदा शेजाऱ्यालाही सोबत नेतो, आणि येथे शेजारी म्हणजे सर्वांत महाग कार्ड!

यूपीएसच्या बाबतीत सर्रास फसवणूक होते, आणि ती आकड्यांमुळेच होते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीए चा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देतो. व्हीए व वॉट एक नव्हेत. ५०० वॉट खाणारे यंत्र त्याला जोडले तर वीज जाताच दोघेही एकदम बंद पडतात. यंत्राचा खप वॉटमध्ये मोजून त्याहून मोठा यूपीएस घ्यावा. काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरती दहा मिनिटे मिळाली तरी पुरेत. विजेच्या देयकाचाही हिशेब आधी मांडावा. ५०० वॉटचे यंत्र रात्री दहा तास चालले की ५ युनिटे झाली, महिन्याची १५०. हा आकडा ग्राहकाला सांगावयाच्या दरात धरलाच पाहिजे.

मे महिन्यात हैदराबादचा पारा ४० च्या वर जातो. खोलीच तापलेली असेल तर पंखा गार हवा आणणार कोठून? रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपाशी आपला वेग आपणच आवरू लागतात. म्हणजे पैसे सोळा गाभ्यांचे मोजले तरी त्यांचा पुरता वेग उन्हाळ्यात हाती लागत नाही. म्हणून समोर जाळी असलेले, हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट घ्यावे. बंद काचेची शोभेची पेटी घेऊ नये. महिन्यातून एकदा धूळ काढावी. कार्डाच्या वीजजोडणीची खीळ शेवटपर्यंत बसली आहे ना, हे जोडणी करणाऱ्यासमोर उभे राहून पाहावे. नवीन बारीक खिळांची जोडणी अर्धवट बसल्याने वितळल्याच्या तक्रारी २०२२ साली गाजल्या होत्या.

खरेदीपूर्वी

खरेदीला जाण्याआधी आपले यंत्र खरोखर अपुरे पडते का, हे पाहावे. ब्लेंडरमध्ये दाणे पुसणारी सोय विनामूल्य आहे; तिने पुष्कळ कमी किरणांत चित्र स्वच्छ निघते. मॉडेलही हुशारीने रचावे. चारमिनारचे मिनार चार असले तरी ते चार वेळा रचू नयेत. एकच रचून त्याची चार ठिकाणी योजना केली तर मेमरीत जागा जवळजवळ एकाचीच लागते. झाडे, खुर्च्या, खिडक्या यांनाही हेच लागू. महिन्यातून एकदाच मोठे काम येत असेल तर इंटरनेटवरून भाड्याने रेंडर करून घेणे स्वस्त पडते.

एवढे करूनही यंत्र हवेच असेल तर आपले सर्वांत जड दृश्य पेनड्राइव्हवर घ्यावे आणि ज्याच्याकडे तसा संगणक आहे त्याच्याकडे ते चालवून पाहावे. चालत असताना टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. राबतो आहे कोण, प्रोसेसर की कार्ड? मेमरी किती भरली? ही दोन उत्तरे कागदावर उतरवून घेतली की पैसा कोठे घालावयाचा ते आपोआप कळते. मग सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारात तीन दुकानांतून भागवार लेखी भाव घ्यावेत. "संपूर्ण संच इतक्यास" असा एकत्रित भाव मान्य करू नये, कारण हलका एसएमपीएस अशाच बेरजेत लपतो. पक्की पावती घ्यावी, प्रत्येक भागाचा क्रमांक तीवर लिहून घ्यावा आणि भारतातील हमी आहे ना हे विचारावे. जुने कार्ड स्वस्त मिळते. पण त्यावर आपल्या समोर तासभर रेंडर चालवून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

न्यासाच्या विचारार्थ

आपल्या न्यासाकडे संगणकासाठी येणाऱ्या अर्जांबाबत एक सूचना करावीशी वाटते. उत्पन्नाचा दाखला व गुणपत्रिका यांबरोबर अर्जदाराकडून एक पान लिहून घ्यावे : कोणती प्रणाली वापरता, ती प्रोसेसरवर चालते की कार्डावर, आपल्या सर्वांत जड दृश्यास मेमरी किती लागते, सध्या एका चित्रास किती वेळ लागतो व तो किती व्हावा, यूपीएस व साठ्याच्या दुसऱ्या प्रतीची काय व्यवस्था, आणि प्रत्येक भागाचा वेगळा भाव काय. ज्याला हे पान भरता येते त्याला काय विकत घ्यावयाचे ते कळलेले असते. ज्याला येत नाही त्याला नकार देऊ नये. जाणत्या मुलाबरोबर बसवून ते पान भरून घ्यावे आणि मगच धनादेश काढावा. मदतीवर यंत्र घेतलेल्या मुलांनी पुढच्या अर्जदाराचे दृश्य आपल्या संगणकावर एकदा चालवून द्यावे, एवढी अट घातली तर ती कोणास जड वाटणार नाही आणि चाचणीची सोय घरातच होईल.

न्यासाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळींनी या सूचनेचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.